दारावरच्या सासूबाई

सभागृहाच्या दारावर मावशी वीस वर्षं उभ्या होत्या, पण असा तमाशा त्यांनी कधी पाहिला नव्हता. पाच वर्षांसाठी निवडून आलेल्या मंडळींना आपली मुदत सात वर्षांची करून घ्यायची होती. त्यासाठी संविधान बदलायचं, म्हणजे एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं हवीत, म्हणून सकाळपासून नुसती पळापळ चालली होती. एकाला पायाच्या प्लास्टरसकट खुर्चीतून ढकलत आणलं. दुसरा दातांच्या डॉक्टरकडून थेट आला, गाल टम्म फुगलेला. ‘होय’ म्हणून बघत होता तर तोंडातून नुसती लाळ. मावशींना हसू आवरेना.

मतदानाची घंटा सुरू झाली. ती थांबली की दार बंद, मग बाहेर कोणीही राहो, असा नियम होता.

घंटा थांबली. मावशींनी दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. तोच जिन्यावरून त्यांचे जावई धापा टाकत आले. ते सदस्य होते. अर्ध्या गालावर साबणाचा फेस, गळ्यात न्हाव्याचा टॉवेल.

"आई, उघडा! एकच मत कमी पडतंय!"

"जावईबापू, घंटा थांबली."

"अहो, मी घरचा माणूस!"

"मग घरी या, चहा करते. इथून हलायची नाही मी."

"एका मतासाठी एवढं काय हो आई!"

"मत हवंय ना? माझ्याकडे आहे एक," मावशी खुदकन हसल्या. "निवडणूक आता वेळेवरच होईल. तेव्हा या मागायला."