कधीच बंद न झालेलं मशीन

आमच्या रक्त तपासणीच्या लॅबमधलं मुख्य मशीन, म्हणजे सगळे रिपोर्ट ठेवणारा कॉम्प्युटर, कधीच बंद झालं नाही, याचं सगळ्यांना केवढं कौतुक! शुक्रवारी मामाच्या निरोप समारंभात डायरेक्टरबाई त्यावरच बोलणार होत्या. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ आणि ऑफिसात माझा साहेब. मशीन त्यानंच बसवलं, त्यानंच सांभाळलं, वर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली, 'हात लावू नये.'

मला त्या कौतुकाचा संताप यायचा. बंद झालं नाही म्हणजे सुरक्षित आहे, असं कुणी सांगितलं? कर्नेल म्हणजे मशीनचा गाभा, बाकी सगळं त्याच्या परवानगीनं चालतं. त्यात भोक सापडलं की ते बुजवलेला नवा कर्नेल येतो, आणि तो लागू व्हायला आमचं मशीन रीस्टार्ट करावंच लागतं. मामा नवे कर्नेल इमानेइतबारे उतरवून घ्यायचा, सुरक्षा तपासणीत हिरवी खूण यायची, आणि चालू मात्र तोच जुनापुराणा. नवं कुलूप आणून कपाटात ठेवायचं नि दाराला जुनंच लटकवायचं, असला कारभार.

त्या आठवड्यात नदीपलीकडच्या हॉस्पिटलात असल्याच न बुजवलेल्या भोकातून कुणीतरी घुसलं. सगळे रिपोर्ट अडकले, पेशंटना पुन्हा सुया टोचून घ्यायला बोलावलं. माझं डोकं फिरलं. मामाला सांगितलं, उद्या जेवणाच्या सुट्टीत रीस्टार्ट. तो म्हणाला, शुक्रवारनंतर बघू. मी नाही म्हटलं. त्यानं आवाज चढवला. लहानपणी त्याचा चष्मा मोडला होता मी, तेव्हाही चढवला नव्हता.

संध्याकाळी फोनवर आईनं मलाच झापलं. आयुष्यभर राबलाय तो, चार दिवस मिरवला तर तुझं काय जातं? मी म्हटलं, मिरवणार तो, पण रक्त लोकांचं आहे. तिनं फोन आपटला.

सकाळी डायरेक्टरबाईंना नदीपलीकडची बातमी दाखवली. त्या म्हणाल्या, कर, पण तुझ्या जबाबदारीवर. मी म्हटलं, माझ्याच.

दुपारी मशीनच्या खोलीत गेले तर मामा तिथंच खुर्ची टाकून बसलेला, डबा न उघडता मांडीवर. मी उभ्याउभ्याच कीबोर्ड ओढला आणि कमांड टाइप केली. आता फक्त एंटर दाबायचं होतं.

"लवंगी, थांब," तो म्हणाला. लहानपणापासून हेच नाव ठेवलंय त्यानं मला.

"साहेब, बाजूला व्हा."

त्यानं माझं मनगट धरलं. खोलीत हुडहुडी भरत होती आणि त्याचा तळवा घामानं ओला.

"ते परत उठणार नाही," तो म्हणाला. "सुरू होताना पासवर्ड मागतं. मी तो विसरलोय."

डिस्क कुलूपबंद होती. मशीन चालू तोवर उघडी, बंद झालं की पासवर्डशिवाय ती कुणाच्या बापाला उघडली नसती. बॅकअपच्या डिस्कलाही तोच पासवर्ड. लाइट गेली की हा माणूस जेवणावरून उठून जनरेटर बघायला धावायचा, आणि आम्ही म्हणायचो, काय ती निष्ठा! आणि मी ते एंटर दाबलं असतं तर शहरभराचे रिपोर्ट मीच गाडले असते. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे मामा, मला सांगायला काय झालं होतं तुला?" साहेब-बिहेब गेलं उडत. "मशीन चालू आहे तोवर चावी त्याच्याच पोटात आहे. तिच्या जोरावर नवा पासवर्ड लावता येतो. हे तुला कुणी सांगितलं नाही?"

"कुणाला विचारलं असतं, तर विसरलोय हे सांगावं लागलं असतं."

हाच माणूस मला शिकवताना म्हणायचा, पासवर्ड विसरणारा तो गाढव.

मी ओळीतली कमांड पुसली. मशीनच्या मेमरीतून चावी काढली आणि नवा पासवर्ड त्यालाच ठरवायला लावला. दोन्ही डिस्कना तो चालतो का, तेही तपासलं. मग रीस्टार्टची कमांड पुन्हा टाइप करून एंटर दाबलं. पंखे थांबले. इतकी शांतता त्या खोलीनं कधी ऐकली नव्हती. पडद्यावर पासवर्डची ओळ आली तसा मामा मागे सरकला. मी त्याला पुढे ढकललं. तुझं मशीन आहे, तूच टाइप कर. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा बरोबर.

नवा कर्नेल चालू झाला. 'मशीन किती वेळ चालू' या रकान्यात इतकी वर्षं होती, तिथं आता एक मिनिट होतं. मामा त्या मिनिटाकडे बघत राहिला.

"शुक्रवारी हे कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"मी नाही सांगणार. तू सांगशील. नाहीतर मी समारंभाला येणार नाही."

शुक्रवारी डायरेक्टरबाई उठल्या आणि म्हणाल्या, साहेबांच्या हाताखाली हे मशीन एकदाही कोलमडलं नाही. मामा गळ्यातल्या हारासकट उभा राहिला.

"मी ते भीतीपोटी कधी बंदच केलं नाही," तो म्हणाला. "पासवर्ड विसरलो होतो आणि सांगायची लाज वाटत होती. परवा भाचीनं रीस्टार्ट केलं. इथून पुढे दर महिन्याला होईल."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्या रांगेतून आईनं माझ्याकडे डोळे वटारले. मीही वटारले.