पांढरी साडी, पांढरा फ्रॉक

हौसाबाईंनी धाकट्या लेकीला, यशोदेला, वैशाखात उजवलं ते साल १९५७. त्याच मार्गशीर्षात त्यांची सून जानकी पहिल्या बाळंतपणात अडली. सकाळी आचऱ्याच्या सुईणीने हात टेकले, तेव्हा मुलगा गुरुदास खाडीपलीकडून सरकारी नर्स सुगंधाला होडीत घालून घेऊन आला.

सुगंधा उंबऱ्याशी पोचली आणि हौसाबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. नर्सच्या कपाळाला कुंकू होतं, पण अंगावर साडी पांढरीफटक.

"सवाशीण मगे तू? मग ह्यां बोडकीचां नेसान कित्याक इलंस?"

"दवाखान्यात ह्यांच नेसूचां लागता, काकी."

"तर दवाखान्यात नेस. पयल्या बाळातपणाक पांढरां लुगडां माझ्या घरात येवचां नाय."

"थंय तिचो जीव जाता, आणि तुमी कापड बगतास!"

हौसाबाईंनी आपलं हिरवं लुगडं पुढे केलं. सुगंधाने त्याला हात लावला नाही. उकळलेल्या कपड्यांशिवाय ती बाळंतिणीला शिवत नसे.

"घराक एक फ्राक आसा उकळलेलो," ती म्हणाली. "गोंयात शिकलंय तेव्हाचो. थंयच्यो नर्शी फ्राकच घालतत. पण तोव पांढरोच."

गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा, परका मुलूख. हौसाबाईंचं माहेर मात्र तिकडचं, पेडण्याचं. शेजारच्या ख्रिस्ती कातरीनचं लग्न त्यांनी लहानपणी इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीवरून पाहिलं होतं. नवरी पायघोळ पांढऱ्या फ्रॉकात होती, आणि पुढे तिचं घर मुलाबाळांनी भरलं.

"फ्राक चलात," हौसाबाई म्हणाल्या. "तो नवरीचो."

सुगंधाने आत कण्हणाऱ्या जानकीकडे एकदा पाहिलं आणि आल्या पावली खाडीवर गेली. ओहोटी लागली होती, होडी चिखलात रुतली. ती फ्रॉक घालून परतली तेव्हा उन्हं कलली होती.

"बगा गो, मडम इली!" वाटेवरच्या बायका हसल्या. हौसाबाईंनी तिला हाताला धरून आत नेलं.

जानकी वाचली. मुलाच्या मानेला नाळेचा वेढा बसला होता.

"तुका आदीच भितुर घेतलां असतां तर?" हौसाबाईंनी विचारलं.

सुगंधा हात धूत होती. "सांगूक येवचां नाय, काकी."

जानकीचे पुन्हा दिवस भरले, तेव्हा हौसाबाई स्वतः होडीत बसून नर्सला आणायला गेल्या. त्यांना पाहताच सुगंधा ट्रंकेतला फ्रॉक काढायला वळली.

"ऱ्हवांदे. आसस तशीच चल गो."

घरी आल्यावर अंगणात शेण-चिखल होता. तिची पांढरी साडी भरू नये म्हणून हौसाबाईंनी हात धुऊन तिच्या निऱ्या उंबऱ्यापर्यंत उचलून धरल्या. त्या खेपेला मुलगी झाली.

पहिला मुलगा १९५७ च्या मार्गशीर्षात, जन्मला त्याच संध्याकाळी वारला. हौसाबाई १९६६ साली वारल्या.