डाव्या कानातली खरखर

त्याने की-बोर्डची केबल उपसली, तिच्या टोकावर फुंकर मारली आणि पुन्हा खोचली. फुंकरीने आजवर एकही केबल सुधारलेली नाही हे सगळ्याच वाजवणाऱ्यांना ठाऊक असतं. तरी ते मारतात.

“आता ऐक गं, ताई.”

“वाजव, छोट्या,” टेबलावरच्या फोनमधून बहीण म्हणाली.

छोट्याचे केस पांढरे होऊन जमाना झाला होता. वाद्यवृंद मोडल्यापासून तो या खोलीत भिंतींसाठीच वाजवत होता. आज संध्याकाळी मात्र तो इंटरनेटवर लाइव्ह येणार होता, लोकांदेखत एक धून रचून दाखवणार होता. जुन्या सोबत्यांना त्याने कळवलं होतं. उत्तरादाखल अंगठे पुष्कळ आले. ‘नक्की येतो’ असं एकानेही लिहिलं नाही. सगळं बिनचूक झालं तर निदान आलेला माणूस थांबेल, एवढीच त्याची आशा होती.

पण आवाज सरळ वाटेने जायला तयार नव्हता. की-बोर्ड एका वाटेने, माइक दुसऱ्या वाटेने कॉम्प्युटरमध्ये शिरायचा, आत दोघांना एकत्र करून बाहेर सोडायचं आणि त्याच्या स्वतःच्या हेडफोनला वेगळी वाट द्यायची. बाहेर काय पोचतंय हे दुसऱ्या कुणीतरी ऐकून सांगायला हवं होतं. दोन मित्रांनी फोन उचलला नाही. मग ताई आठवली. अडला हरी गाढवाचे पाय धरी. ही म्हण अर्थात तिच्यापुढे काढायची त्याची छाती नव्हती.

ताईने घरच्या कॉम्प्युटरवर त्याचं चाचणीचं प्रक्षेपण लावून परदेशी गेलेल्या मुलाचे हेडफोन कानाला लावले होते. सुरुवातीला तिने चुका अचूक पकडल्या. “घुमतंय.” “तुझं बोलणं वाजवण्याखाली दबतंय.” त्याने दोन्ही दुरुस्त केल्या. मग डाव्या कानात खरखर सुरू झाली, ती काही केल्या जाईना.

“हेडफोन उलटे घालून बघ.”

“घातले. तरी डावीकडेच.”

म्हणजे दोष आपल्याच बाजूला, असं त्याने घाईघाईत धरून टाकलं. त्याने केबल बदलली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तोवर ताई सांगत होती, शेजारचे घर सोडून गेले, एकटीसाठी स्वयंपाक करायचा म्हणजे अन्नापेक्षा भांडीच जास्त.

“ताई, आवाजाचं बोल ना.”

“हो रे. वाजव.”

शेवटी वैतागून त्याने सगळ्या वाटा पुसल्या आणि नव्याने जोडल्या. एक संथ धून मन लावून वाजवली.

“आता?”

“आता कमी झालीय. पण आहे किंचित. डावीकडेच.”

त्याने पडद्याकडे पाहिलं. बाहेर जाणारा आवाज दाखवणारी हिरवी पट्टी निपचित पडली होती. शेवटची जोडणी करायलाच तो विसरला होता. आत्ता वाजवलेलं फक्त त्याच्या हेडफोनमध्ये वाजलं होतं. ताईपर्यंत एक सूरही पोचला नव्हता. आणि मघाशी हेडफोन उलटे घातल्यावर तर खरखर उजवीकडे जायला हवी होती.

“अगं, पण तू...”

“काय रे?” ती घाईने म्हणाली. “मी नीट ऐकतेय हं. कितीही वेळा वाजव. मला कुठे काय काम आहे?”

क्षणभर त्याला राग आला. अख्खी दुपार वाया घालवली हिने! मग तिचं ते रिकामं घर डोळ्यांपुढे आलं आणि त्याला भडभडून आलं. त्याने मुकाट्याने जोडणी केली. पट्टी हलू लागली. तीच धून त्याने पुन्हा पहिल्यापासून वाजवली.

धून संपली.

“छान येतंय रे,” ती हळूच म्हणाली. “अगदी स्वच्छ. चल, ठेवते मी. तुझे लोक येतील आता.”

“थांब,” तो म्हणाला. “मला ऐकू येतेय खरखर. आज चालवून घेतो, पण उद्या नीट बघावं लागेल. येशील फोनवर? परवाही लागेल कदाचित.”

 

“उद्या ना?” ती म्हणाली. “बघते हं, जमतं का.”