पंगतीला स्टील, चुलीवर पितळ

वामनराव पाटलांच्या घरी स्टीलची भांडी आली त्या दिवशी सगळी आळी ओसरीवर लोटली होती. महायुद्ध संपून वर्ष झालं होतं आणि जळगाव जामोदजवळच्या त्या गावात असलं भांडं कोणी डोळ्यांनीसुद्धा पाहिलेलं नव्हतं. खामगावहून मोटारीनं आणलेली सहा ताटं, बारा वाट्या, सहा पेले आणि एक तांब्या! पाटील एकेक ताट उचलून उन्हात धरत आणि सांगत, "याले ना चिंच लागत, ना कल्हई. शंभर वर्सं असंच राह्यते." कोणी ताटात तोंड पाहिलं, कोणी मिशी नीट केली. चहा तीनदा झाला.

तुम्ही म्हणाल, मग यात वाईट काय झालं? सांगतो.

खामगावला निघताना पाटलांच्या सुनेनं, रुख्मिणीनं, नवऱ्याजवळ एकच मागणं मागितलं होतं. "एक पातेलं आना स्टीलचं. आंबट भाजीपुरतं." नवऱ्यानं, म्हणजे निवृत्तीनं, दुकानात ते वडिलांच्या कानावर घातलंही. दुकानदारानं दोन सेट मांडले होते. एक होता लहानमोठ्या पातेल्यांचा, कढई आणि झाकण्यांसकट, जाड बुडाचा, दिसायला अगदी साधा. दुसरा ताटवाट्यांचा, लखलखीत. घ्यायचा एकच होता. पाटील म्हणाले, "पातेलं चुलीवर कायंकुट्ट होते, कोन पाहाले जाते त्याले? ताट पंगतीत दिसते!" निवृत्तीनं मुकाट ताटवाट्यांचं गाठोडं उचललं. बुलढाण्याला राहून मॅट्रिक झालेला मुलगा, पण वडिलांपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. शिकून उपयोग काय झाला, देव जाणे!

रुख्मिणीनं ते पातेलं हौसेसाठी मागितलं नव्हतं. तिला पाचवा महिना चालू होता आणि भाद्रपदापासून तिच्या ओकाऱ्या थांबत नव्हत्या. पोटात मुरडा यायचा, जिभेवर कडू चव राहायची. गेल्या साली असंच झालं होतं आणि सातव्या महिन्यात तिचं मूल गेलं होतं. तेव्हा आळीतल्या बायकांनी ठरवून टाकलं की हिला नदीवरची आसरा, पाण्यातली बाधा, लागली. उतारा झाला, गंडा बांधून झाला. आताही सासू पुष्पाबाई म्हणायच्या, "डोहाळे कडक हायेत पोरीचे." त्यांचं स्वतःचं पोटही अधूनमधून दुखायचं, पण ते त्या कोणाला सांगत नसत. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

त्या घरची रीत अशी होती. सकाळी नऊच्या सुमारास स्वयंपाक उतरला की ओसरीवर पुरुषांची पंगत बसे. पाटील, निवृत्ती, आलागेला पाहुणा, मग शेतावर जाणारे गडी. घरच्या दोघी सासूसुना जेवायला बसायच्या ते दुपारी अडीचला, सगळं आवरल्यावर. तोवर अंबाडीची भाजी ज्या पितळी पातेल्यात शिजली त्यातच असे. पातेलं पुसून रिकामं केल्याशिवाय पानावरून उठायचं नाही, हा पाटलांच्या आईनं घालून दिलेला दंडक होता. त्या पातेल्याची कल्हई तीन वर्षांपूर्वीच उडाली होती. युद्धात कथील मिळेनासं झालं. नंतरही पाटलांनी मनावर घेतलं नाही, कारण त्यांच्या तोंडाला काही लागत नव्हतं!

दिवाळी आठ दिवसांवर आली आणि नेहमीप्रमाणे रहेमतुल्ला कल्हईवाला परसदारी आला. साठीचा माणूस, वीस वर्षांपासून या घरची भांडी त्याच्या हाताखालून जात होती. पण या वेळी त्यानं भाता मांडला नाही.

"पुष्पाबाई, कथील नाई भेटलं औंदाबी," तो म्हणाला. "बाजारात जे हाये त्यात शिसं घातलेलं हाये. लोक लावून राह्यले. मले ते पाप नाई करनं होत. सांगाले आलो फक्त."

"निदान पाहून तं घ्या," म्हणत पुष्पाबाईंनी पातेलं पुढं केलं.

रहेमतुल्लानं आत बोट फिरवलं, नखानं खरवडलं. सगळं पिवळं. काठाखाली हिरवी रेघ होती. तेवढ्यात परसातल्या भिंतीला धरून रुख्मिणी वाकली आणि ओकली. त्यानं मान दुसरीकडे वळवली आणि हलकेच विचारलं, "बहू किती दिसांपासून अशी हाये?"

पुष्पाबाईंनी सांगितलं. गेल्या सालचंही सांगितलं. तो मग आणखी दोनच गोष्टी विचारून उठला. भाजी कोणती, आणि तुम्ही जेवता कधी?

ओसरीवर पाटील सुपारी कातरत बसले होते. रहेमतुल्ला पायरीवर टेकला.

"पाटील, घरात दुखनं कोनाकोनाले हाये?"

"सुनेले. हिचंबी चालूच असते काईबाई. बायकांचं काय घेऊन बसला!"

"तुमाले?"

"मले काय धाड भरली?"

"निवृत्तीभाऊले? गड्यांले?"

"नाई बा. कोनालेच नाई."

"मंग हे आसरा मोठी शहानी हाये," रहेमतुल्ला म्हणाला. "एकाच पातेल्यातली भाजी सारे खाता, अन् ते बरोबर बायांलेच धरते! पाटील, तुमी खाता नवाले, चुलीवरून उतरल्या उतरल्या. बाया खातात अडीचले. बिनकल्हईच्या पितळेत आंबट भाजी इतके घंटे राह्यली का कळकते. जहर होते ते. वाढनारे हात तेच, भाजी तेच. फरक फक्त वेळेचा हाये."

पाटलांचा चेहरा लाल झाला. "भेव दाखवून धंदा करून राह्यला का बे तू?"

"धंदा कायचा? कथीलच नाई माह्यापाशी! म्या तं म्हनतो, स्टीलचं पातेलं आना. त्याले मी जलमभर लागनार नाई. माह्याच पोटावर मी पाय देऊन राह्यलो, तरी तुमी मलेच चोर म्हनता?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "खोटं वाटते ना? मंग आज बाया बसल्या का त्यायच्या पातेल्यातला एक घास खाऊन पाहा. एकच! मी इथंच बसतो."

पाटील इरेला पेटले. अडीचला ते तरातरा स्वयंपाकघरात शिरले. बायकांच्या जेवणाच्या वेळेला त्या उंबऱ्याच्या आत त्यांनी उभ्या आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. पुष्पाबाई हातातला घास हातातच धरून बसल्या. रुख्मिणीनं पदर नाकापर्यंत ओढला. पाटलांनी सरळ पातेल्यात हात घातला, भाकरीच्या तुकड्यावर भाजी घेतली आणि तोंडात टाकली.

"थू! थू!"

मोरीत जाऊन ते थुंकले. तीनदा चूळ भरली तरी जिभेवरचं जाईना. परत आले ते डोळे वटारूनच. "अवं, हे काय वाढून ठेवलं? हे मानसाच्या खान्याचं हाये का? कुत्रं तोंड लावनार नाई याले!"

बोलून गेले, आणि मग त्यांना दोघींची पानं दिसली. दोन्ही पानांवर तीच भाजी होती. अर्धीअर्धी खाल्लेली.

"रोजच असं लागते?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"रोजच," पुष्पाबाई म्हणाल्या.

"अन् मंग खाता काऊन?"

"टाकायचं नाई म्हनून. तुमच्या मायनंच शिकवलं ते."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं होतं. तीन साल झाले. तुमी म्हनले, सकाळी तं भाजी झ्याक झाली होती, तुमचेच चोचले हायेत."

पाटलांना ते आठवलं. आणि तेव्हा जे घडलं ते त्या घरात कधी घडलं नव्हतं. त्या घरी सून सासऱ्याशी बोलत नसे. काही सांगायचं तर सासूच्या तोंडून, नाहीतर दाराची कडी वाजवून. लग्नाला पाच वर्षं होऊन रुख्मिणीचा आवाज पाटलांनी नीट ऐकलेला नव्हता. तो आता पदराआडून आला.

"मामाजी, तुमी थुकलात. मले थुकाची सोय नव्हती." थोडं थांबून ती म्हणाली, "गेल्या सालीबी नव्हती."

अरे, काय ऐकायची वेळ आली त्या माणसावर! दारात येऊन उभा राहिलेला निवृत्ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. पुष्पाबाई तशाच खरकट्या हातानं ओसरीवर धावल्या आणि त्यांनी रहेमतुल्लाला विचारलं, "भाऊ, खरं सांगा. पोर त्याच्यानंच गेलं का हो?"

म्हातारा पायरीवरून उठून उभा राहिला. "माय, ते मले सांगता येत नाई. खोटं बोलून तुमचं मन नाई दुखवत, अन् खोटं बोलून धीरबी नाई देत."

दुसऱ्या दिवशी जळगाव जामोदच्या दवाखान्यात डॉक्टरही तेच म्हणाले. आताच्या ओकाऱ्या त्या भाजीच्या, यात शंका नाही. गेल्या सालचं कोणी सांगू शकणार नाही. पुष्पाबाईंच्या मनातून तो प्रश्न पुढं कधीच गेला नाही. सुनेला आसरा लागली म्हणून तिला उताऱ्याला बसवलं होतं त्यांनीच, आणि तेव्हाही दुपारी तीच भाजी तिच्या पानावर वाढली होती.

आठवड्यानं पाटील पुन्हा खामगावच्या दुकानात उभे राहिले. ताटवाट्यांचं गाठोडं निवृत्तीच्या डोक्यावर होतं आणि मागं दोघी सासूसुना होत्या. दुकानदार म्हणाला, "या पाटील, बदलून कोनता दाखवू?"

"मले नका विचारू," पाटील म्हणाले. "मले त्यातलं समजत नाई, ते समजून चुकलं. यायले विचारा."

दोघींनी तासभर लावला. रुख्मिणीनं पातेली उलटी करून बुडाची जाडी पाहिली, आत हात घालून कोपऱ्यापर्यंत घासता येतं का ते पाहिलं. पुष्पाबाईंनी झाकणी बसवून हलवली, कढई उचलून वजन घेतलं, आणि एक मोठं झकपक पातेलं बाजूला सारलं. "भरलेलं उतरवता नाई येत बाईमानसाले," त्या म्हणाल्या. पाटील बाजूला उभे राहून ऐकत होते. इतकं सगळं पाहायचं असतं, हे त्यांना पन्नास वर्षांत कळलं नव्हतं.

पातेली घरी आली तेव्हा रहेमतुल्ला ती पाहायला आला. त्यानं ठोकून पाहिलं, छान म्हणाला आणि मग बजावलं, "पाटील, भांडं बदललं, जेवाचा घंटा नाई बदलला तं अर्धंच काम झालं. स्टीलमदीबी थंडगार उरलेलं ते उरलेलंच राह्यते." पाटलांनी मान खाली घालून ऐकलं. त्या दिवसापासून त्या घरात चार पानं एकदम मांडली जाऊ लागली. पहिले कित्येक दिवस रुख्मिणीला सासऱ्यासमोर घास गिळवेना. गावानं नावं ठेवली, पाटील बायकांच्या पंगतीला बसतात म्हणून हसले. पाटील त्यांना एवढंच म्हणत, "हसा. पन आज घरी जाऊन दुपारी अडीचचा घास खा, अन् मंग हसा." रुख्मिणीच्या ओकाऱ्या पंधरा दिवसांत थांबल्या. माघात तिला मुलगी झाली, बारकी पण धडधाकट.

मंडळी, घरात भांडी घ्यायची असतील तर जरूर चांगली घ्या. पण ती पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी घेऊ नका, आणि जी चुलीपाशी बसते तिला न विचारता तर मुळीच घेऊ नका. तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं, हे तुम्हाला माहीत आहे. तिच्या पानातला एक घास उद्या स्वतः खाऊन पाहा. आपल्याला जो थुंकावासा वाटतो तो घास आपल्या घरात कोणी रोज गिळत असेल, तर ते घर सुखी आहे असं म्हणायचा आपल्याला काहीएक अधिकार नाही!