भुरीनं गिळलेली पोळ्याची रिबीन

मित्रांनो, मी एक जुनी लाल रिबीन आहे. खरं तर अर्धीच उरले आहे. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच वाटते. तरी सांगते.

कडूबा आजोबांनी मला चिखलीच्या बाजारातून त्यांच्या गावी, उंद्रीला आणलं आणि पोळ्याला बैलाच्या शिंगाला बांधलं. “पाहा बे, नवरदेव दिसून राह्यला!” लोक म्हणाले. मी किती फुलून गेले! संध्याकाळी बैलांना तूप लावलेली पुरणपोळी भरवून आजोबांनी त्याच हातांनी मला सोडलं. पोळ्याचा साज टाकायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. म्हणून मी गोठ्यातल्या खुंटीवर लोंबत राहिले.

गोठ्यात भुरी मांजर पिलांसह राहायची. आजोबांच्या नातीची, अर्पिताची, ती लाडकी. माझा तुपाचा वास भुरीला आला. तिनं मला पंजानं झुलवलं, खाली पाडलं, चाटलं. मांजराच्या जिभेवर आतल्या बाजूला वळलेले काटे असतात. मी त्यांत अडकले, तिला मला थुंकता येईना. चाटता चाटता तिनं मला गिळलं.

मग भुरी दुधाला तोंड लावेना. नुसती ओकाऱ्या काढायची. एके सकाळी तिच्या शेपटीखाली माझं टोक दिसलं.

“आबा, डॉक्टरले दाखवू ना!” अर्पिता म्हणाली.

“अवं, इतक्या व्यालेल्या गाईंचे जार काढले म्या. हे तं रिबीन हाय.”

“तिले दुखून राह्यलं, आबा!”

“म्हणूनच काढतो ना, बाई.”

आजोबांचा हात मायेचाच होता. त्यांनी हळूच ओढलं. पण माझं दुसरं टोक आत घट्ट अडकलं होतं. मी ताणले गेले. भुरी किंचाळली आणि मी मधूनच तुटले.

तिला घेऊन दोघं धावले, तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी भुरीचं पोट चाचपलं. “ओढायचं नव्हतं, काका. आतडं चिरलं. तसंच आणलं असतं, तं ऑपरेशन करून पाहिलं असतं.”

भुरी अर्पिताच्या मांडीवरच गेली.

माझा एक तुकडा तिच्यासोबत लिंबाखाली पुरला आहे. दुसरा आजोबांनी पत्र्याच्या डब्यात ठेवला. पुढच्या पोळ्याला बैलांची शिंगं नुसती रंगवलेली होती. “काऊन गा कडूबा, यंदा साज नाही?” कुणी विचारलं, तर ते खाली बघत पुढं गेले.

मित्रांनो, रिबीन, दोरा, सुतळी लोंबत ठेवू नका. मांजराच्या अंगातून टोक दिसलं, तर कितीही कळवळा आला तरी ओढू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. आणि माझ्या डब्याचं झाकण तेवढं घट्ट लावा. भुरीची पिलं आता मोठी झाली आहेत, गोठाभर खेळतात.