पालथं पुस्तक

पाचव्या पानावर कंपाउंडर हसला. खदखदून नव्हे, पण नाकातून फुस्सकन हसू सुटलं त्याचं, आणि माझा जीव भांड्यात पडला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आपला मख्ख. लगेच चेहरा सरळ करून त्याने पान उलटलं.

दर रविवारी सकाळी आम्ही चौघं चष्मेवाल्याच्या दुकानाच्या माळ्यावर जमतो. चष्मेवाला, कंपाउंडर, लायब्ररीतल्या बाई आणि मी. मी लिफ्ट दुरुस्त करतो. कॉमिक्सचं वेड मात्र चौघांनाही शाळेपासूनचं. आठवडाभर धुंडाळून सापडलेलं कॉमिक्स खाकी कागदात घालून ढिगात ठेवायचं. मुखपृष्ठ झाकलेलं, चित्रकाराच्या नावावर चिकटपट्टी. कोणी आणलं तेही सांगायचं नाही. आठ पानं वाचायची. पुढे वाचावंसं वाटलं तर पुस्तक उघडं ठेवायचं, नाही वाटलं तर पालथं. नियम माझाच. नावाला भुलून कचरा डोक्यावर घेणाऱ्यांचा मला भारी संताप येतो. माझ्या जिभेपायी इथे मला कात्री म्हणतात.

त्या दिवशीचं चौथं पुस्तक मी आणलेलं नव्हतं, काढलेलं होतं. सहा वर्षं, बेचाळीस पानं. लिफ्टमध्ये अडकलेल्यांशी दाराबाहेर बसून गप्पा मारणाऱ्या माझ्या वस्तादाची गोष्ट. झेरॉक्स काढून पिना मारल्या होत्या. तिघांपैकी दोघांनी जरी उघडं ठेवलं तर छापायला द्यायचं, नाहीतर चित्रं काढणं कायमचं बंद, असं मी बायकोला सांगून निघालो होतो.

बाई सातव्या पानावरून मागे सहाव्यावर गेल्या. मागे जाऊन परत बघणं ही आमच्याकडे सगळ्यात मोठी दाद. माझे कान तापले. चेहऱ्यावरून चोरी पकडली जाईल म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसलो.

"चित्रं जरा कच्ची आहेत, नाही?" कंपाउंडरने माझ्याकडे बघत सुरुवात केली.

"कच्ची? अहो, हात बघा एकेकाचे. लाटणी नुसती!" चष्मेवाला म्हणाला. "आणि लिफ्ट अडकलीय, तर हा बाबा बाहेर गप्पा काय हाणतोय?"

"तू तर हसलास ना रे मघाशी?" न राहवून मी कंपाउंडरला विचारलं.

"छे! ठसका लागला हो."

दोघांनीही पालथं ठेवलं. बाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांनीही पालथंच ठेवलं.

"कात्री, आज तुमचं मत काही दिलं नाहीत. इतकं टाकाऊ?" चष्मेवाल्याने विचारलं.

'चांगलं आहे' एवढं म्हणायचा अवकाश, तिघांनी माझी री ओढली असती. पण पुस्तक माझं आणि मतही माझंच, मग त्या मताचं काय लोणचं घालू? मी ते उचललं आणि बाद ढिगात टाकलं.

जिन्यात बाईंनी मला गाठलं. "ते कोणाचं होतं हो? आत अडकलेल्या म्हातारीला वस्ताद आपल्या मुलीच्या खोड्या सांगतो ना, तिथे डोळे भरून आले माझे."

"मग पालथं का ठेवलंत?"

"तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात की! तुम्ही असे बघायला लागलात की काय ते आम्ही समजतो. वीस वर्षं असंच चाललंय."

वीस वर्षं! म्हणजे पुस्तकं कोणी वाचतच नव्हतं, तिघंही माझं तोंड वाचत होते. होयबा कुठले! आणि मी तरी काय मोठा पारखी? नुसतं मान फिरवून किती चांगली पुस्तकं मारली असतील, देव जाणे. माझीच मला लाज वाटली.

"असेल कोणा नवशिक्याचं," मी म्हणालो.

"भेटला तर सांगा त्याला, सोडू नकोस म्हणावं."

"सांगतो."

घरी पोचलो तर बायको दारातच उभी होती. "काय हो, किती जणांनी उघडं ठेवलं?"

"कोणीच नाही."

"आणि तुम्ही?"

"मीही नाही."

आमच्या घरात टेबल एकच. सहा वर्षं तिने त्यावर कोणाला चहाचा कप टेकवू दिला नव्हता. मुलीने सगळा अभ्यास जमिनीवर बसून केला. आता बायको आत जाऊन इस्त्रीचे कपडे घेऊन आली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर रचू लागली. मी शाईची बाटली उचलून तिला जागा करून दिली.