शिवेवरची ओटी

इचोड्याच्या बाजारात माणिकरावांची मोटार पुन्हा उकळली. तीही कुठं, तर कापसाच्या बंड्या लागतात त्या चौकात, भर बाजाराच्या दिवशी. बॉनेटच्या फटींतून वाफ फुसकारली, बैल बिथरले, आणि बंडीवर बसलेला एक जण ओरडला, "मोटार नोहे ते, बंब हाय बंब! या माणिकराव, आंघोळीचं पानी तापलं!"

सगळा बाजार हसला. वांगी निवडत बसलेली मालन तेवढी हसली नाही. कडेवरच्या लेकीचं तोंड तिनं पदराआड घेतलं, जसं काही त्या हसण्याची पोरीला दृष्टच लागणार होती. पाण्याचा डबा हातात धरून, मान खाली घालून मोटारीपुढं जो उभा होता, तो फकिरा तिचा नवरा होता. लग्नात मालनच्या मायनं मांडवात फिरून फिरून सांगितलं होतं, "आमचा जावई डायवर हाय!" त्या डायवरला आज गाडीवान हसत होते.

माणिकराव कापसाचे व्यापारी. निजामाचं राज्य गेलं तेव्हा एक जुना अंमलदार चंबूगबाळं आवरून हैदराबादला निघाला, त्याच्याकडून त्यांनी ही मोटार घेतली होती. काळी, लांबट, दिव्यांचे डोळे वटारलेली. फकिरानं ती हाती घेतल्यापासून यंदाच्या दसऱ्यापर्यंत तिनं कधी ब्र काढला नव्हता. दसरा झाला आणि काय बिनसलं कोण जाणे. रोज उकळू लागली.

संध्याकाळी माणिकराव मळ्यावर आले. मोटार विहिरीजवळच्या छपरीत उभी असे आणि फकिराचं बिऱ्हाडही तिथंच, शेजारच्या खोलीत.

"फकिरा, वच्छलाच्या पोराचं बारसं हाय किनवटले. माय म्हनते, किनवट गेलं मुंबई राज्यात, आपन राह्यलो आंध्रात. परराज्यातल्या लेकीकडं पह्यल्यांदा चालली, तं मोटारीनंच जाईन. आता रस्त्यात हे उकळलं तं माहं तोंड कुठी लपवू?"

"नाई उकळनार, मालक."

"हे तू दर खेपेले म्हनतं. यवतमाळचा एक डायवर तयार हाय. किनवटच्या वाटेवर उकळली, तं माघारी येताच किल्ली त्याच्या हातात. मंग तू आपल्या भावाच्या वावरात जाय, वखर हाक."

चुलीपुढं बसलेल्या मालनच्या हातातली भाकर थापायची थांबली. दिराच्या घरातून निघताना जाऊ काय म्हणाली होती ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. "जा वं, जा. पेट्रोलचा वास घेऊन पोट भरते का पाह्यतो आमी. याल इथंच." त्या दारात पुन्हा बोचकं घेऊन उभं राहायचं, म्हणजे जाऊ काही बोलणारही नाही, नुसती हसेल.

सकाळी फकिरा कामाला लागला. तो मोटारीशी भांडत नसे. बाकीचे गाडीवाले लाथ घालत, शिव्या देत. हा आधी तिच्याभोवती एक फेरी मारी, वैद्यानं रोग्याच्या खाटेभोवती मारावी तशी, आणि मग हात लावी. आधी त्यानं समोरची जाळी पाहिली. हंगामाचे दिवस, जिनिंगातून उडालेली कापसाची पुंजकी जाळीत गादीसारखी बसली होती. ती त्यानं खराट्यानं झाडून काढली, मळ्याच्या वाटेवर मोटार फिरवून आणली. उकळली. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला, ताठ होता. तेल पाहिलं, बरोबर. पाणी तर काठोकाठ.

"पानी हाय, वारा हाय," तो स्वतःशीच पुटपुटला, "मंग हे आग कायची?"

मग बराच वेळ तो नुसता उकिडवा बसून राहिला. मालननं चहा आणून ठेवला, तो निवला. अचानक उठून त्यानं इंजन पुन्हा चालू केलं, तापू दिलं आणि म्हणाला, "मालन, इकडं ये. हात दे."

"अजी, पीठ हाय हाताले."

"असू दे." त्यानं तिचा तळवा पाण्यात बुडवला आणि इंजनासमोरच्या पाण्याच्या पेटीला वरच्या बाजूनं टेकवला. चटका बसून तिनं हात मागं घेतला. "आता खाली लाव." खाली पेटी गारढोण होती.

"काय समजलं?"

"वर चूल, खाली माठ."

"बस्स! हेच!" फकिराचे डोळे लकाकले. "पाह्य, इंजनातलं तापलेलं पानी वरून या पेटीत येते. पेटीत बारीक बारीक नळ्या हायत. त्यायच्यातून खाली उतरता उतरता वाऱ्यानं गार होते अन् पुन्हा इंजनात जाते. इथं ते उतरूनच नाई राह्यलं. मधात कायतरी अडलं."

मालन त्याच्याकडे बघतच राहिली. कोणत्या शाळेत हा हे शिकला? आदिलाबादच्या एका मिस्त्रीकडे पोरसवदा असताना हातोडे देत होता, एवढंच तिला ठाऊक. बाजारात मान खाली घातलेला माणूस हाच का, असं तिला वाटून गेलं.

त्यानं पेटीच्या तळाची तोटी उघडली. बदाबदा पाणी यायचं, त्याऐवजी लेकराच्या मुतासारखी बारीक धार आली. तीही पिवळी. मालननं वाकून वास घेतला आणि कपाळाला आठी घातली. "अजी, हे तं पेजेसारखं वासून राह्यलं."

"इंजनात पेज कुठून येईन?"

"ते मले काय पुसता? नाकाले पुसा."

त्यानं पेटी सोडवून खाली काढली, सायकलची एक जुनी तार घेतली आणि नळ्यांत खुपसायला निघाला. तशी मालन पुढं झाली. "थांबा, थांबा! करपलेल्या दुधाच्या गंजाले कोनी खिळ्यानं खरवडते का? भोक पाडान एखादं."

"मंग काय करू?"

"भिजू घाला. ऊन पानी अन् धुन्याचा सोडा. आपसूक सुटते."

फकिरा हातातल्या तारेकडे पाहून हसला. "बरं, मिस्त्रीनबाई."

दुपार कलेपर्यंत पेटी सोड्याच्या पाण्यात भिजली. मग फकिरानं ती उलटी टेकवली, विहिरीच्या हौदातून रबरी नळी आणून पेटीच्या खालच्या तोंडाला बांधली. "जे वरून येऊन अडलं, ते खालून ढकलाचं. आल्या वाटेनं जाईन." हौदाचा बोळा त्यानं काढला. पेटी गुरगुरली, लेकरानं दूध प्यायल्यावर द्यावी तशी एक ढेकर तिनं दिली, आणि वरच्या तोंडातून भसकन पिवळा गाळ बाहेर पडला. गाळ कसला, भातच तो. फुगलेला, मऊ झालेला, हळदीनं पिवळाधमक. त्यामागोमाग पाणी स्वच्छ खळाळू लागलं. पेटी हलवली तसं आत काहीतरी खुळखुळलं. फकिरानं बोटं घालून एक हळकुंड काढलं आणि एक सुपारी.

"कोनं केलं हे?" तो संतापून उभा राहिला. "कोन्या दुश्मनानं माह्या पोटावर पाय—"

"दुश्मन नोहे," मालन हळूच म्हणाली. सुपारी तिच्या तळव्यावर होती. "अजी, हे ओटी हाय."

तिला सगळं आठवलं. दसऱ्याची पूजा. पेटीत पाणी भरून फकिरा नारळ आणायला गेला होता, झाकण उघडंच होतं. माणिकरावांची माय, कौशल्याबाई, ताट घेऊन उभ्या. "का वं मालन, हे इथून पानी पेते का?" त्यांनी विचारलं. "हो माय." "मंग हेच तिचं तोंड." नदीची ओटी पाण्यात सोडतात, विहिरीची ओटी विहिरीत. पाणी पिणाऱ्या मोटारीची ओटी आणखी कुठं भरणार? कौशल्याबाईंनी तांदूळ, हळकुंड, सुपारी त्या तोंडात सोडली, झाकण लावलं, हात जोडले. "बाई, माह्या लेकराइले सुखरूप ने, सुखरूप आन." मालननंही शेजारी उभं राहून हात जोडले होते.

ऐकता ऐकता फकिराचा राग कुठं गेला कळलं नाही. तो हौदाच्या काठावर बसून पोट धरून हसला. "म्हनजे इतके दिवस मी डायवर नाई, आचारी होतो! आदिलाबादले जाऊन येवस्तोर भात शिजवत होतो!"

मग दगडावर साचलेल्या त्या भाताकडे पाहून त्याचं हसू थांबलं.

"मालकाले सांगा," मालन म्हणाली. "तुमची काई चूक नाई, हे कळू द्या त्यायले."

"कळलं तं ते मायवर जातीन. चिडले म्हनजे बोलाचं भान नसते त्यायले. माय लेकीकडं चालली, नातवाच्या बारशाले. रडत जाईन."

मालनला सासू नव्हती. बाळंतपणात तिला तेल लावलं, शेक दिला, रात्री पोरीला मांडीवर घेऊन बसल्या त्या कौशल्याबाईच. फकिरानं दगडावरचा भात निपटून बांधावर टाकला. चिमण्या आल्या.

संध्याकाळी माणिकरावांनी विचारलं, "काय निंघालं?"

"पेटीत कचरा होता, मालक. काढला."

"कचरा? पानी गाळून टाकाले काय झालं होतं तुले? नुसतं चाक धरून मोटार चालत नसते!"

"चुकलं, मालक."

खोलीत मालननं वरणाचा गंज असा काही आपटला की पोर दचकून रडायला लागली.

किनवटला निघाले तेव्हा कौशल्याबाईंनी मालनला सोबत घेतलं. "बारशाले गाना म्हनाले पाह्यजे कोनी," म्हणाल्या. माणिकराव पुढं फकिराजवळ, मागं दोघी आणि पोर. बोथ गाव मागं पडलं, सागाचं जंगल लागलं, चढ सुरू झाला. कौशल्याबाई झाडं दाखवत होत्या, मोरांचा आवाज ऐका म्हणत होत्या. मालनचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, बॉनेटच्या टोकाला चमकणाऱ्या त्या झाकणावर. आता वाफ येईल, मग येईल. पुढं बसलेले माणिकरावही तिकडेच टक लावून होते. चढ संपता संपेना. इंजन घुमत होतं, पण त्या घुमण्यात कुरकुर नव्हती. माथ्यावर आले तरी वाफेचा धागासुद्धा दिसला नाही.

"थांबव रे फकिरा!" कौशल्याबाई म्हणाल्या.

"काय झालं, माय?" माणिकराव दचकले.

"नवी शीव इथंच कुठी असन. शीव वलांडाच्या आधी ओटी भरा लागते."

"शीव कुठी दिसून राह्यली तुले? ना दगड, ना पाटी. सागाइले पुसतं का, तुमी मुंबईचे का आंध्राचे?"

"तुले नाई दिसत, म्हनून का नसते?" असं म्हणत त्या उतरल्या. पदराची गाठ सोडली, मूठभर तांदूळ घेतले आणि मोटारीच्या पुढं जाऊन थेट झाकणाला हात घातला.

फकिरानं दार ढकललं आणि उडीच मारली. त्यांचा हात पोहोचायच्या आत त्यानं आपला तळवा झाकणावर ठेवला. चर्र झालं, पण हात काढला नाही. "माय, नको! तापेल हाय, अंगावर उडन!"

"अरे पन काऊन? दसऱ्याले तं भरली होती इथंच."

माणिकराव गाडीतून उतरत होते, ते एक पाय पायरीवर ठेवूनच थांबले. "काय भरलं होतं दसऱ्याले?"

"ओटी. तांदूळ, हळकुंड, सुपारी. अजून काय?"

माणिकरावांनी फकिराकडे पाहिलं. "हा तुहा कचरा?"

फकिरानं मान खाली घातली. आता मालनला राहवलं नाही. "मालक, ते पानी गाळूनच टाकते. रोज. माह्या लुगड्याचं फडकं हाय त्याच्यासाठी. पाह्याचं असन तं घरी दाखवतो."

कौशल्याबाईंच्या मुठीतले तांदूळ तसेच होते. त्यांनी एकदा झाकणाकडे पाहिलं, एकदा फकिराच्या लाल झालेल्या तळव्याकडे. "म्हनजे, मी मोटारीले भात खाऊ घातला?"

"पोट फुगलं तिचं, माय," फकिरा म्हणाला. "बाकी काई नाई. आता बरी हाय."

"अन् सांगतलं काऊन नाई?" माणिकरावांचा आवाज चढला होता, पण अर्ध्यात उतरला. "मी वाट्टेल ते बोललो तुले."

"सांगतलं असतं तं तुमाले वाटलं असतं, डायवर आपली चूक मायवर लोटून राह्यला. अन् मायच्या आशीर्वादाले मी कचरा म्हनलो, मालक. तेच लय झालं."

माणिकराव मायच्या पिशवीतला नारळ घेऊन चाकापाशी बसले आणि स्वतःच्या हातानं फोडला. कौशल्याबाई मात्र मोठमोठ्यानं हसू लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "वच्छलाले सांगतो! सगळ्याइले सांगतो! म्हातारीनं मोटारीले जेवू घातलं!" मग त्या मालनकडे वळल्या. "मंग हे ओटी तुही. धर पदर."

रस्त्याच्या मध्यभागी, या राज्यात का त्या राज्यात कोणाला ठाऊक, मालननं पदर पसरला. तांदूळ, हळकुंड, सुपारी, वर नारळाची अर्धी वाटी. पोर ती वाटी ओढू लागली.

"यवतमाळवाल्याले काय निरोप धाडू?" माणिकराव गाडीत बसता बसता, कोणाकडेही न पाहता म्हणाले.

"सांग त्याले," कौशल्याबाई म्हणाल्या, "आमच्या मोटारीले डायवर हाय."

किनवटला वच्छलाबाईंच्या दारापुढं मोटार थांबली तेव्हा अंगणात बायांची दाटी होती. फकिरानं उतरून आधी आपला चांगला हात ओला केला, पेटीला वर लावला, खाली लावला, आणि मालनकडे पाहून नुसती मान हलवली. एक बाई तिच्या भरल्या पदराकडे, कडेवरच्या लेकीकडे बघत पुढं आली. "तुमी कोन व, माणिकरावाच्या घरच्या का?"

"नाई," मालन म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की अंगणाच्या पार टोकाला बसलेल्यांनीही माना वळवल्या. "मी डायवरची."